चहावर पाणी प्या, खुशाल

तळेगाव दाभाडे स्टेशनबाहेरची टपरी, सकाळचे सात. एमआयडीसीतली नाइट शिफ्ट उरकून आलेला माणूस आधी ग्लासभर पाणी पितो, मग कटिंग. कटिंग संपल्यावर पुन्हा पाण्याकडे हात गेला की शेजारचा हमखास टोकतो, ‘अरे, चहावर पाणी? दात पडतील!’

पडत नाहीत. वाफाळत्या चहावर फ्रिजचं पाणी घेतलं तर झिजलेल्या दातात कळ येते, तथ्य असलंच तर एवढंच. साधं पाणी चहानंतर घ्यावंच, कारण तोंडात राहिलेली साखर त्यानं धुतली जाते.

चहाला तसा उगाचच बोल लागतो. त्यातल्या टॅनिननं दातांवर डाग पडतात, कीड लागत नाही. कीड लागते साखरेमुळे. दातांवरच्या थरातले जिवाणू साखरेचं काही मिनिटांतच आम्ल करतात, पीएच साडेपाचाच्या खाली उतरतो आणि इनॅमल विरघळू लागतं. लाळ हे सावरते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणूनच ‘मी अर्धाच कप घेतो’ यात फारसा दम नाही. शिफ्टमध्ये सहा वेळा अर्धा-अर्धा गोड चहा म्हणजे दातांवर सहा वेळा आम्लाचा मारा. दोन भरले कप जेवणाबरोबर घेतलेले परवडले. कपातला चहा तासभर घोट-घोट पुरवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

‘शुगर-फ्री’ कोला? साखर नाही हे खरं, पण फॉस्फोरिक ॲसिड असतंच. पीएच तीनच्या आसपास. रोज उपाशीपोटी लिंबूपाणी पिणाऱ्यांनाही हे सांगावं लागतं, घरचं असलं तरी आम्ल ते आम्लच. कोकम सरबतात तर आम्लही आणि साखरही. ताक मात्र आंबट असूनही सोसतं, त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं.

आंबट प्यायल्यावर लगेच ब्रश करणं हा शहाणपणा नव्हे. इनॅमल तेव्हा मऊ पडलेलं असतं, ब्रशनं ते खरवडलं जातं. चूळ भरावी, ब्रश अर्ध्या तासानं.

सगळ्यांत महागात पडतो तो ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हा समज. बाळ बाटली तोंडात धरूनच झोपतं, झोपेत लाळ कमी सुटते आणि दुधातली साखर रात्रभर वरच्या पुढच्या दातांवर बसून राहते. दुधाच्या दाढा तर दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. खाली येणाऱ्या पक्क्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात.