विसरणाऱ्या माणसांचे गाव

म्हातारे बाबा जेवून उठले. हात धुतला. घटकाभराने म्हणाले, "सूनबाई, आज मला जेवायला वाढलं नाहीस."

सून म्हणाली, "अहो मामंजी, आत्ताच तर जेवलात!"

बाबा रागावले. ओट्यावरून उठले नि चालू लागले. कुठे? तर म्हणे, "घरी जातो." अहो, हेच तर त्यांचे घर!

आपण म्हणतो, साठी बुद्धी नाठी. पण हे नुसते म्हातारपण नव्हे. हा मेंदूचा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात. बहुधा आधी कालचे, आजचे विसरते. जुने पुष्कळ दिवस टिकते. जगात ५ कोटींहून अधिक माणसांना हा आजार आहे. तो मुळापासून बरा करणारे औषध अजून सापडलेले नाही.

मग अशा माणसाचे करायचे काय? दाराला कडी घालून कोंडायचे?

युरोपात नेदरलँड्स नावाचा देश आहे. आपली जुनी माणसे त्याला हॉलंड म्हणत. तिथे वेस्प या गावी अशा रोग्यांचे एक मोठे शुश्रूषागृह होते. लांबलचक बोळ, बंद दारे, पांढरे डगले घातलेले नोकर. इव्होन व्हान आमेरोंगेन या बाई तिथे काम करीत. एके दिवशी त्यांचे वडील अचानक वारले. दुःख झालेच. पण लगेच मनात आले, बरे झाले, वडिलांना अशा जागी राहावे लागले नाही!

जी जागा आपल्या बापाला नको, ती दुसऱ्याच्या आईबापाला कशी चालेल? बाई नि त्यांचे सोबती विचार करू लागले. बरीच वर्षे गेली. शेवटी २००९ साली तिथे नवी वस्ती उभी राहिली. तिचे नाव होगेवेक.

ही वस्ती लहानशा गावासारखी आहे. सुरुवातीला २३ घरे होती, माणसे सुमारे १५०. पुढे आणखी घरे बांधली. एकेका घरात सहा-सात जण राहतात. रस्ते आहेत, चौक आहे, बाग आहे. किराणा दुकान, उपाहारगृह नि नाटकघरही आहे. दुकानातून सामान आणायचे नि घरातच रांधायचे. रांधण्याचा वास आला, की जेवणवेळ झाली हे आपोआप कळते. सांभाळणाऱ्या बाया साध्या कपड्यांत असतात.

कोणी कोणाबरोबर राहायचे, हेही माणूस पाहून ठरवले. हातांनी कामे करून जगलेल्यांचे घर वेगळे, शहरी थाटात वाढलेल्यांचे वेगळे. इंडोनेशिया पूर्वी डचांच्या ताब्यात होता. तिकडे राहिलेल्यांसाठी तिकडच्या चवीचे जेवण असलेले घर केले.

वस्तीला वेस एकच. तिथे राखण असते. आत मात्र कोणी कुठेही हिंडावे. वाट चुकली तर कोणीतरी घरी पोचवतो. हिंडणारा माणूस कधी पडेलही. पण तेवढ्यासाठी त्याला खुर्चीत डांबायचे नाही, असे त्यांनी ठरवले आहे.

काही जण म्हणाले, हे खोटे गाव, ही म्हाताऱ्यांची फसवणूक. पण दुकानातला माल खरा आहे. ताटातले अन्नही खरे आहे.

असे गाव वसवायला पैसा लागतो. तिथे बहुतेक खर्च सरकारी व्यवस्थेतून होतो. आपल्याकडे गावोगाव हे होणार नाही. पण घरच्या घरी पुष्कळ करता येते.

आधी डॉक्टरांना दाखवा. कधी कधी विसर दुसऱ्याच कारणाने पडतो नि औषधाने बरा होतो.

वाद घालू नका. "बसा बाबा, आणते," म्हणा नि थोडे काही खायला द्या.

हातांना ओळखीचे काम द्या. शेंगा निवडणे, वाती करणे, दोरी वळणे.

आजार लपवू नका. शेजारी, दुकानदार, एसटी थांब्यावरचे लोक, सगळ्यांना सांगून ठेवा. मग तेच वाट चुकलेल्याला घरी आणतील.

आणि एक. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. एका चिठ्ठीवर बाबांचे नाव, गाव नि घरचा फोन नंबर लिहा. ती त्यांच्या खिशात ठेवा. बाबा घर विसरले, तरी चिठ्ठी त्यांना घरी आणील.