बापाची जखम आणि लेकीची जखम

गेल्या पावसाळ्यात मिरजोळ्याच्या वाडीत आम्ही बसलो होतो. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एका भावाने पाय पुढे केला. अंगठ्यापाशी जखम, सव्वा महिन्याची. पत्रा लागला होता. "दुखत नाही, म्हणून कोणाला दाखवली नाही," म्हणाला. घरच्यांनी आधी हळद, मग राख आणि शेवटी मशेरी दाबली होती. शेजारी त्याची लेक. तिने त्याच सुमारास विळीवर बोट कापून घेतले होते, आणि तिची जखम आठवड्यात भरलीही होती. "एकाच घरातलं रक्त, मग असं का?" आजीने विचारले.

कातडी फाटली की काही मिनिटांत रक्तातल्या प्लेटलेट्स गोळा होऊन गुठळी धरते. काही तासांत पांढऱ्या पेशींची पहिली तुकडी येते, जंतू गिळते आणि मरते. पू म्हणजे बऱ्याच अंशी त्याच मेलेल्या पेशी. दोन-तीन दिवसांत दुसऱ्या, मोठ्या भक्षक पेशी जोर धरतात. त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. खरी गंमत यांची आहे. आधी त्या घाण उपसतात आणि जखमेत दाह पेटता ठेवतात. मग त्याच पेशी काम बदलतात आणि नवी कातडी, नव्या रक्तवाहिन्या बांधणाऱ्या पेशींना हाक देतात. सफाई कामगारानेच गवंडी व्हावे, तसे.

या गिळणाऱ्या पेशींचे काम ओळखले ते मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञाने, 1882 साली, इटलीतल्या मेसिना गावी. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात त्याने गुलाबाचा काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तर काट्याभोवती पेशींचा गराडा. 1908 साली त्याला नोबेल मिळाले. त्याचाच विद्यार्थी हाफकिन. 1897 साली मुंबईत प्लेगची लस तयार करणारा, परळच्या संस्थेला ज्याचे नाव आहे, तोच.

आता आजीचा प्रश्न. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांची वही एकच असते, पण कुठे कोणते पान उघडायचे ते वेगळे. गालाला आतून दात लागला तर दोन-चार दिवसांत मागमूस राहत नाही; पायाला तेवढेच लागले तर वण उरतो. तोंडातल्या पेशींत दुरुस्तीची पाने आधीच उघडी असतात, कातडीतल्या पेशींना ती जखम झाल्यावर उघडावी लागतात. काही घराण्यांत उलटेच दिसते. कान टोचला की भोकाशी गाठ येते, छातीवरचा फोड बरा झाला तरी वण वाढतच जातो. हा केलॉइड. तो सावळ्या-काळ्या कातडीत जास्त, आणि अनेकदा आईबापांकडून आलेला. यात कोणाची नजर लागलेली नसते. अशी गाठ नुसती कापून टाकली तर पुन्हा, कधी आधीपेक्षा मोठी येते; डॉक्टरांना घराण्याची हकिकत आधीच सांगावी.

पण या भावाच्या पायाचे कारण दुसरे होते. "दुखत नाही" या शब्दांनीच आमच्या मनात पाल चुकचुकली. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा कमी होतो, आणि मॅक्रोफेज काम बदलायचेच विसरतात. दाह पेटलेला राहतो, गवंडीकाम सुरू होत नाही. मधुमेहाची प्रवृत्ती घराण्यात उतरते, हे खरे. पण तो आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने ते शेवटच्या वर्षांत बेजार होते.

राख, मशेरी, शेण जखमेत घालू नका. त्यातून धनुर्वाताचे जंतू जाऊ शकतात. आणि मशेरी म्हणजे तंबाखूच. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ पट्टी बांधा, धनुर्वाताचे इंजेक्शन विचारा. "उघडी ठेव, वारा लागू दे" हा सल्लाही जुनाट झाला. झाकलेली, किंचित ओलसर जखम लवकर भरते, हे 1962 पासून माहीत आहे. लावणीच्या चिखलात उघड्या जखमेने उतरू नये, हे आपल्या कोकणात वेगळे सांगायला नको. लेप्टो तिथूनच शिरतो. दोन आठवड्यांत आक्रसली नाही, काळी पडली, वास आला किंवा ताप भरला, तर जखम डॉक्टरांना दाखवा. साखर असलेल्याने मात्र पायाची कोणतीही जखम त्याच दिवशी दाखवावी.

दुसऱ्या दिवशी त्या भावाला सरकारी दवाखान्यात नेले. साखर तीनशेच्या वर निघाली. मेलेले मांस काढले, गोळ्या सुरू झाल्या, एक दिवसाआड पट्टी. धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत पट्टी चालली, पण अंगठा वाचला. त्या दिवशी रांगेत आजीनेही बोट पुढे केले. तिचीही साखर वाढलेलीच होती. इतकी वर्षे कोणी पाहिली नव्हती एवढेच.