जुन्या मोटारीचा कार्बोरेटर आणि छोटा कारागीर

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारीत हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात एकत्र करून इंजिनाला पुरवण्याचे काम कार्बोरेटर करतो. इंजिनाने ओढलेली हवा त्यातील व्हेंचुरी नावाच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो व दाब घटतो आणि त्यामुळे शेजारच्या कप्प्यात फ्लोटच्या साह्याने ठरावीक पातळीवर राखलेले पेट्रोल जेट या बारीक छिद्राच्या पितळी तुकड्यातून वर खेचले जाऊन हवेत मिसळते. गळ्याचा व्यास, जेटचे छिद्र आणि फ्लोटची पातळी या तीन मापांवर इंजिनाची ओढ, पेट्रोलचा खप आणि काही इंजिनांच्या बाबतीत त्यांचे आयुष्यही अवलंबून असते. कारखान्याने ही मापे त्या काळचे इंधन आणि नवे इंजिन गृहीत धरून ठरवलेली होती; आज इंधन बदलले आहे, इंजिन झिजलेले आहे आणि मूळ सुटे भागही सहज मिळत नाहीत. त्यामुळे जुना कार्बोरेटर आपल्या गरजेप्रमाणे बदलून देणारे छोटे कारागीर जगभर तयार झाले असून त्यांच्याकडून काय आणि कसे घ्यावे, हा जुन्या गाड्या जपणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे औंध संस्थानाच्या परिसराला ग्राहक आणि छोटा कारखानदार यांचे असे नाते नवे नाही. संस्थानाचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या पाठबळाने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला, आणि तो माळ पुढे किर्लोस्करवाडी म्हणून ओळखला जाऊ लागला. कऱ्हाडजवळचा ओगल्यांचा काचकारखानाही याच संस्थानाच्या आश्रयाने वाढला. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला नांगर विकायचा तर वस्तू नुसती चांगली असून भागत नव्हते, ती त्याच्या मातीत आणि त्याच्या बैलांच्या ताकदीला चालते, याची त्याला खात्री पटावी लागत होती. कार्बोरेटर जुळवून देणाऱ्या कारागिराचे कामही याच जातीचे आहे. सातारच्या महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ स्कूटर किंवा मुंबईत कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी मोटार आजही वापरणाऱ्या माणसाला या भागात लेथवर बसून असे काम करणारा मिस्त्री शोधायला फार लांब जावे लागत नाही, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून सातारच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पसरलेले ओतकाम आणि यंत्रकाम हे त्याचे कारण आहे.

छोट्या कारागिराची खरी कसोटी मात्र रोटरी इंजिनाच्या मोटारीत लागते. जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून आलेल्या या इंजिनाचा पहिला नमुना एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये चालला आणि जपानच्या माझ्दाने १९६७ मधील कॉस्मो आणि १९७८ मधील आरएक्स-७ या गाड्यांतून ते लोकप्रिय केले. त्यात वरखाली होणारे पिस्टन नसतात. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर लांबट पोकळीत फिरतो आणि त्याच्या तीन कोपऱ्यांवर बसवलेल्या पट्ट्या, ज्यांना अपेक्स सील म्हणतात, पोकळीच्या भिंतीला घासत वायू अडवून धरतात. रोटर एकदा फिरेपर्यंत मुख्य दांडा तीनदा फिरतो, म्हणून दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक रोटर एकदा हवा ओढतो. कागदावर १,३०८ घनसेंटिमीटर क्षमतेचे १३बी इंजिन त्यामुळे त्याच वेगात चालणाऱ्या सुमारे दुप्पट क्षमतेच्या नेहमीच्या इंजिनाइतकी हवा मागते. भारतातील रस्त्यांवर अशा गाड्या विरळाच आहेत; परंतु कार्बोरेटर बदलून घेण्यातले सगळे धोके इथे इतके ठळक दिसतात की पद्मिनीच्या मालकालाही त्यातून बरेच शिकता येते.

माझ्दाच्या अनेक जुन्या रोटरी गाड्यांना निक्की कंपनीचा चार गळ्यांचा कार्बोरेटर असे. त्यातील दोन गळे नेहमी काम करत आणि उरलेले दोन जास्त रेस लागेल तेव्हा व्हॅक्यूमच्या यंत्रणेने उघडत. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांतील छोटे कारागीर हाच कार्बोरेटर सुटा करून त्याच्या व्हेंचुरी मोठ्या करतात, इंधनाच्या वाटा रुंदावतात आणि मागचे दोन गळे पायातल्या पेडलशी थेट जोडून देतात. गळा मोठा झाला की वरच्या वेगात ताकद वाढते, पण खालच्या वेगात हवेचा जोर कमी पडल्याने पेट्रोल नीट खेचले जात नाही आणि गाडी गावातल्या गर्दीत अडखळते. त्याहून गंभीर म्हणजे पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ झाले तर इंजिन ठोकू लागते, आणि पिस्टनचे इंजिन ही ठोक काही काळ सहन करत असले तरी रोटरी इंजिनात तिच्यामुळे अपेक्स सील तुटू शकते. तुटलेला तुकडा पोकळीची भिंत ओरबाडतो आणि इंजिन पूर्ण उघडण्याची पाळी येते. आणखी एक बारकावा असा की जुन्या रोटरी इंजिनात सीलच्या वंगणासाठी थोडे ऑइल एका लहान पंपाने कार्बोरेटरमार्गे आत सोडलेले असते. बदललेल्या कार्बोरेटरमध्ये त्या नळ्यांची जोडणी बंद केलेली असेल, तर मालकाला टाकीतल्या पेट्रोलमध्येच योग्य प्रमाणात टू-स्ट्रोक ऑइल मिसळावे लागते. ही एक गोष्ट विचारायची राहून गेली, तर उत्तम कारागिरीचा कार्बोरेटरही इंजिनाचा घात करू शकतो.

महाराष्ट्रातील वाचकाच्या दृष्टीने यात इंधनाची भर पडते. फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर सर्रास झाले. त्यातील इथेनॉलचा काही वाटा सातारा–सांगलीसारख्या ऊसपट्ट्यांतील कारखान्यांतून येतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला मात्र नऊ पटच लागते, त्यामुळे या मिश्रणाचे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. जुन्या जेटला हे कळण्याचा मार्ग नाही. तो पूर्वीइतकेच इंधन सोडतो आणि मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ होते. सोलेक्स किंवा वेबर जातीच्या कार्बोरेटरमध्ये जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणून १३० च्या जागी १३५ चा जेट घातला तर छिद्राचे क्षेत्रफळ जवळपास तेवढेच, आठ टक्के, वाढते. उंचीचा परिणाम याच्या उलट असतो. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा बारा टक्क्यांच्या आसपास विरळ असते, त्यामुळे मुंबईत नीट बसवलेला कार्बोरेटर घाट चढल्यावर जास्त पेट्रोल पाजतो, काळा धूर सोडतो आणि प्लग काळवंडतात. औंध-खटावच्या पठारावर रोज चालणाऱ्या गाडीसाठी कोणत्या गावात, कोणत्या इंधनावर कार्बोरेटर जुळवला गेला, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, जुने रबर फुगवते आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर फ्लोट चेंबरमध्ये जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरू शकते. नीडल आणि पॅकिंग या इंधनाला टिकणारे घातले आहेत का, हे कारागिराला स्पष्ट विचारणे योग्य होय.

चांगला कारागीर ओळखण्याची खूण साधी आहे: तो किंमत सांगण्याआधी प्रश्न विचारतो. इंजिन मूळ आहे की त्याचे पोर्ट, म्हणजे हवा आत येण्याच्या खिडक्या, मोठ्या केल्या आहेत. सायलेन्सर कोणता आहे. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा दाब किती आहे. गाडी रोज गावात चालते की शर्यतीत, हे न विचारता तयार कार्बोरेटर पाठवणारा माणूस फक्त एक वस्तू विकतो, इंजिनाचा विचार त्याच्या कामात नसतो. परदेशी कारागीर बहुधा ग्राहकाचा जुना कार्बोरेटर बदल्यात मागतात, कारण मूळ ओतीव सांगाडे आता मर्यादित उरले आहेत. तो देण्यापूर्वी त्यात कोणते जेट होते, याची नोंद आणि छायाचित्रे ठेवणे हिताचे असते. काम परत येते तेव्हा थ्रॉटलचा, म्हणजे रेसच्या झडपेचा, दांडा हाताने हलवून पाहावा. झिजलेल्या दांड्यात नवे बुश न बसवता नुसते रंगकाम केलेले असेल तर तो बाजूला डुगडुगतो, तेथून जादा हवा शिरते आणि कितीही ट्यूनिंग केले तरी इंजिन एका चालीवर ठरत नाही. तारेने किंवा हाताच्या ड्रिलने जेट मोठे करण्याची आपल्याकडची जुनी खोड मात्र टाकून द्यायला हवी, कारण असे छिद्र गोल राहत नाही आणि पुढच्या मिस्त्रीला त्याचे माप कळत नाही.

एका बाबतीत जवळच्या कारागिराचे पारडे नेहमीच जड राहते. कार्बोरेटर बसवल्यावर काही किलोमीटर गाडी चालवून, प्लग काढून त्याचा रंग पाहून, जेट बदलून पुन्हा चालवण्याची दोन-चार आवर्तने करावीच लागतात. प्लग फिकट विटकरी निघाला तर मिश्रण ठीक, पांढरट निघाला तर पातळ. रोटरी इंजिनात या पांढऱ्या रंगाकडे दुर्लक्ष मुळीच परवडत नाही. समुद्रापलीकडच्या कसबी माणसाला हे काम पत्राने करता येत नाही, म्हणून बदलीचे जेट संचात मागवून अंतिम जुळणी स्थानिक मिस्त्रीकडून करून घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

कायद्याची बाजूही विसरून चालत नाही. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी तिची अट आहे. नुसता कार्बोरेटर बदलणे हा मोठा फेरफार ठरेल की नाही, यावर वाद घालत बसण्यापेक्षा मूळ कार्बोरेटर, त्याचे जेट आणि लिंकेज कागदात गुंडाळून, नावानिशी चिठ्ठी लावून घरात जपून ठेवणे आणि शक्य तिथे तो न कापता दुसऱ्या सांगाड्यावर काम करून घेणे शहाणपणाचे आहे.