पूल कधी उघडायचा?

करावे गावाजवळच्या शाळेत इतकी वर्षे शिकवूनही आम्हाला एक गोष्ट फार उशिरा कळली. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आमच्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. तो महिन्यातून दोनदा, सलग तीन-तीन दिवस उशिरा यायचा. पहिल्या दिवशी प्रार्थना संपता संपता, दुसऱ्या दिवशी पहिला तास संपल्यावर आणि तिसऱ्या दिवशी थेट दुसऱ्या तासाच्या शेवटी. त्यानंतर दहा-बारा दिवस घंटेच्या आधी हजर! आम्ही त्याला वर्गाच्या दारात उभे केले, वहीत शेरे लिहिले, आळसाचे दुष्परिणाम सांगितले. तो मान खाली घालून ऐकायचा. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी त्याच्या आईला बोलावून घेतले.

आई आली ती टोपली शेजारणीकडे ठेवून. आमचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सर, पानी तुमची घंटा ऐकत नाय. होडी पान्यावर येते. ती आली की मासळी उतरवायला घरात हाच एक हात हाय."

त्या संध्याकाळी आम्ही हजेरीपट आणि तिथीचे कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवले. मुलाचे उशिराचे दिवस म्हणजे अष्टमी, नवमी, दशमी, दोन्ही पंधरवड्यांतले. आपल्या चाँदच्या हिशेबाने साधारण सात-आठ तारखेपासून आणि पुन्हा बावीस-तेवीसपासून. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. पुढे ती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आठव्या दिवशी ती सकाळी सहा-साडेसहाला येऊन पोहोचते. ओहोटीत खाडीच्या कडेला नुसता चिखल असतो, होडी धक्क्याला लागत नाही. म्हणजे नेमक्या त्याच दिवसांत खाडीची वेळ आणि शाळेची वेळ एकमेकांवर आदळत होती. मुलगा आळशी नव्हता. तो दोन घड्याळांच्या मध्ये सापडला होता.

ही दोन घड्याळे करावे गावाने फार दिवस पाहिली आहेत. गाव आगरी-कोळ्यांचे. पाम बीच रस्त्याच्या पलीकडे खाडी. तिथेच 'टी. एस. चाणक्य', जिथे व्यापारी जहाजांवर जाणारी मुले शिकतात. एका बाजूला रस्ता, रेल्वे, कचेऱ्या, शाळा. ही सगळी दुनिया सूर्याच्या घड्याळावर चालते. दुसऱ्या बाजूला पाणी. ते चंद्राचे ऐकते. ही दोन्ही जिथे एकमेकांना आडवी जातात, तिथे पूल लागतो.

आमच्या ठाणे खाडीवरचे पूल उघडत नाहीत. वाशीचा रस्त्याचा पहिला पूल 1973 चा, दुसरा 1997 चा. दोन्ही पक्के. 12 जानेवारी 2024 रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूखालून जहाजांना जाता यावे म्हणून 180 मीटरपर्यंत लांबीचे पोलादी गाळे ठेवले आहेत. अशा पुलांवर कोणी कोणासाठी थांबत नाही. पण उंच पुलाला पैसा लागतो आणि दोन्ही बाजूंना लांब चढ लागतो. जिथे तेवढी ऐपत किंवा जागा नसते, तिथे पूल खालीच बांधतात आणि जहाज आले की उघडतात. मग प्रश्न उभा राहतो: कधी उघडायचा? कोणी थांबायचे?

हा प्रश्न आमच्या घरात लहानपणापासून होता, फक्त आम्हाला तो ओळखता आला नव्हता. आमचे आजोबा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांतले पुरुष आगबोटीवर खलाशी म्हणून गेले, तसे तेही गेले. एकदा कलकत्त्याला त्यांची बोट रिकामी झाली, हिशेब मिळाला आणि ते हावडा स्टेशनकडे निघाले. हुगळी नदीवर पोहोचले तर समोर पूलच नाही! मधला भाग काढून बाजूला नेला होता आणि त्या फटीतून जहाजे चालली होती. अलीकडे गर्दी, बैलगाड्या, हमाल, बायका-मुले. पलीकडे स्टेशन दिसतेय आणि गाडी गेली. आजोबा ती रात्र स्टेशनवर पेटीला टेकून बसले. आम्ही विचारायचो, "वेळ लावलेली नव्हती का?" ते म्हणायचे, "असेल लावलेली. आम्हाला कुठे वाचता येत होते?"

तो पूल म्हणजे हुगळीवरचा जुना तरंगता पूल. हावड्याला रेल्वे 1854 मध्येच सुरू झाली होती, पण स्टेशन नदीच्या एका काठाला आणि शहर दुसऱ्या काठाला. सर ब्रॅडफर्ड लेस्ली या इंजिनिअरने नदीत तराफ्यांसारखे पडाव जोडून त्यांवर रस्ता टाकला. हा पूल 1874 मध्ये खुला झाला. लांबी 1528 फूट, रुंदी 62 फूट. जहाजांसाठी मधला 200 फुटांचा भाग सोडवून बाजूला नेता येत असे.

सुरुवातीला पूल फक्त दिवसा उघडत. म्हणजे शहराच्या ऐन कामाच्या वेळी रस्ता तुटायचा. त्या पुलावर बहुतेक वाहने बैलगाड्यांची. 1906 मध्ये झालेल्या मोजणीत गर्दीच्या दिवशी तेरा वाहनांतली आठ बैलगाड्या निघाल्या. बैलगाडी थांबली की नुसती गाडी थांबत नाही. बैल थकतात, माल उन्हात पडतो, गाडीवानाची एक खेप बुडते.

मग जून 1906 मध्ये वेळापत्रक बदलले. समुद्रावर जाणाऱ्या मोठ्या आगबोटी सोडून बाकीच्या जहाजांसाठी पूल रात्री उघडायचा असे ठरले. मोठ्या आगबोटी मात्र दिवसाच जाणार. यातली समज पाहण्यासारखी आहे. अजस्र जहाज प्रवाहातून 200 फुटांच्या फटीत घालायचे तर उजेड हवाच. त्याला रात्री पाठवणे म्हणजे पूल आणि जहाज दोन्ही धोक्यात. लहान जहाजांना रात्रीची सवय करून घेता येते. म्हणजे ज्याला बदल झेपेल त्याने आपली वेळ बदलायची, ज्याला झेपणार नाही त्याला दिवस ठेवायचा. नवा पूल न बांधता, एक वीटही न लावता, फक्त वेळ बदलून हजारो माणसांचा दिवस हलका झाला. पुढे 3 फेब्रुवारी 1943 रोजी आजचा हावडा पूल खुला झाला. त्याला उघडावे लागत नाही. पण त्याआधीची जवळजवळ सत्तर वर्षे शहराने वेळापत्रकावर काढली.

आपल्या देशात असा पूल आजही आहे. रामेश्वरला जाणारा पांबनचा रेल्वेपूल 1914 मध्ये झाला. त्याचा मधला भाग कामगार हाताने दांडे फिरवून उघडत. 6 एप्रिल 2025 रोजी त्याच्या शेजारी नवा पूल सुरू झाला. त्याचा 72.5 मीटर लांबीचा गाळा विजेवर 17 मीटर वर उचलला जातो. यंत्र बदलले तरी प्रश्न बदललेला नाही. गाडी आणि नौका यांतले एक जाईपर्यंत दुसऱ्याने थांबायचेच.

जगात याचे रीतसर कायदे झाले आहेत. लंडनच्या टॉवर ब्रिजवर 1894 पासून नदीच्या वाहतुकीला पहिला मान आहे. जहाजवाल्याने 24 तास आधी कळवायचे, पूल उघडण्याचे पैसे नाहीत. मे 1997 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन लंडनला आले होते. त्यांचा ताफा पुलावरून जात असताना एका शिडाच्या बार्जची ठरलेली वेळ झाली. पूल उघडला आणि ताफ्याचे दोन तुकडे झाले! सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीवरचे पूल बोटींच्या हंगामात रात्री उघडतात. त्यांच्या वेळा सगळ्या शहराला माहीत असतात. ज्याला घरी जायचे आहे तो त्याआधी नदी ओलांडतो.

अमेरिकेत तर या वेळा बदलण्याचीच पद्धत ठरलेली आहे. मूळ नियम असा की नौकेने इशारा दिला की पूल उघडायचा. नौका एक लांब आणि एक आखूड भोंगा देते. पूल उघडणार असेल तर तसेच उत्तर येते, लगेच उघडता येणार नसेल तर पाच आखूड भोंगे. कचेऱ्या भरण्या-सुटण्याच्या वेळी पूल बंद ठेवायचा असेल, तर प्रस्ताव जाहीर करावा लागतो आणि लोकांची मते मागवली जातात. कधी कधी काही दिवस तात्पुरता बदल करून पाहतात. अनेक ठिकाणी अशा वेळी फक्त हौशी बोटींनी थांबायचे, मालाच्या बोटींनी नाही, असेही ठरवलेले असते. आणि संकटात सापडलेली नौका आली तर वेळापत्रक बाजूला ठेवून पूल शक्य तितक्या लवकर उघडायचा, हे सगळीकडे सारखे.

वाचक बंधू-भगिनींना हे परके वाटू नये. आपल्या मशिदीत हेच रोज घडते. नमाजचा वक्त सूर्य ठरवतो, त्यात कोणाची कमिटी चालत नाही. पण त्या वक्ताच्या आत जमात किती वाजता उभी करायची, हे माणसे ठरवतात. ऋतू बदलला की जोहर किंवा इशाच्या जमातीची वेळ बदलते. चांगल्या मशिदीत ती आधी फळ्यावर लिहितात, जुम्याला सांगतात, दुकानदारांची आणि कारखान्यात पाळी करणाऱ्यांची सोय विचारतात. जिथे न विचारता वेळ बदलते, तिथे पाळीवरून धावत आलेल्या माणसाची जमात चुकते आणि मन दुखते. वक्त आपल्या हातात नाही, वेळापत्रक आहे. म्हणून त्यात इन्साफ करणे हीही आपलीच जबाबदारी.

पूल असो, मशीद असो, नळाच्या पाण्याची वेळ असो की शाळेची. कुठलेही वेळापत्रक ठरवताना किंवा बदलताना आम्ही आता चार प्रश्न विचारतो. घरातही विचारून पाहावेत.

पहिला: थांबणारा कोण, आणि त्याला थांबणे किती महाग पडते? मोटारीत बसलेल्याची दहा मिनिटे आणि भरती निघून चाललेल्या होडीची दहा मिनिटे सारखी नसतात. पाणी एकदा उतरले की होडीला पुढच्या भरतीपर्यंत, सुमारे बारा तास थांबावे लागते.

दुसरा: त्याला आधी कळले का, आणि त्याच्या भाषेत कळले का? आमच्या आजोबांचे दुःख पूल उघडा असण्याचे नव्हते. तो उघडा असेल हे माहीत नसण्याचे होते. ठाऊक असलेली वाट माणूस डबा बांधून, कामे आटोपून काढतो.

तिसरा: बदल आधी करून पाहिला का? कागदावर सोयीचे दिसते ते अष्टमीला अडते.

चौथा: अडचणीत सापडलेल्यासाठी दार आहे का? ज्या नियमात ते नाही, तो नियम कडक असेल, चांगला नाही.

आता त्या मुलाविषयी. शाळेची वेळ आम्ही बदलू शकत नव्हतो, ती सगळ्या मुलांची होती. पण वर्गाचे वेळापत्रक आमच्या हातात होते. आम्ही मुख्याध्यापकांशी बोललो. त्या तीन-तीन दिवसांत गणिताचा तास पहिल्या घंटेवरून चौथ्या घंटेवर नेला. कारण बुडालेले गणित पुढे सगळ्यात जास्त छळते. बाकीच्या मुलांचे त्यात काही गेले नाही. एक पंधरवडा करून पाहिले, जमले, मग वर्षभर ठेवले. मुलाने आपल्याकडून एक गोष्ट कबूल केली. उशीर होणार ते दिवस महिन्याच्या सुरुवातीलाच सांगायचे.

वर्गात आम्ही झालेली चूकही सांगितली. ज्या दारात त्याला उभे केले होते, त्याच वर्गासमोर त्याला फळ्याजवळ बोलावले आणि भरती-ओहोटीचा हिशेब समजावून सांगायला लावला. रोज 50 मिनिटे पुढे, हे गणित त्याला आमच्यापेक्षा चांगले येत होते. मुलांनी वह्यांत उतरवून घेतले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मग पाणी आपल्यासाठी कधीच थांबत नाही?" तो म्हणाला, "नाही. आपण त्याला विचारून निघायचं."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच्या आईने कॅलेंडरचे एक पान पाठवले. त्यावर सहा तारखांभोवती पेनाने गोल केले होते. ते पान आम्ही हजेरीपटाच्या आतल्या बाजूला चिकटवले.