अळवावरचे पाणी आणि बंपरवरची लांबी

आपल्या वार्षिक अंकात कथा, कविता, प्रवासवर्णने यांची रेलचेल असते. त्या पंगतीत मोटारीच्या प्लास्टिकला काय चिकटते आणि काय चिकटत नाही, हा विषय वाट चुकून आलेल्या पाहुण्यासारखा वाटेल. परंतु महाविद्यालयाच्या वाहनतळावर एक फेरी मारली तर हा पाहुणा परका नाही, हे ध्यानात येईल. जुनी गाडी घ्यावी, तिच्या बंपरखाली एक पट्टी जोडावी, मागे स्पॉयलर बसवावा, नको असलेली भोके बुजवावीत, डॅशबोर्डवर एखादे जादा मीटर लावावे, ही हौस आपल्यापैकी अनेकांना असते. साठवलेले पैसे खर्ची पडतात आणि एका पावसाळ्यात रंगाला भेग जाऊन आतली लांबी खपलीसारखी निघते. मग दोष कारागिराला दिला जातो, नाही तर गोंदाला. वस्तुतः पुष्कळदा चूक त्याआधीच झालेली असते. गोंद आणि लांबी आधी विकत आणली जाते आणि समोरचे प्लास्टिक कोणते, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

गाडी सगळी पत्र्याची होती तेव्हा हा प्रश्न फारसा नव्हता. १९४० ते १९५० च्या सुमारास अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, हौशी मंडळी गाड्यांचे रूप पालटत तेव्हा खळगे शिशाच्या मिश्रधातूने भरीत. पुढे त्याची जागा पॉलिएस्टरच्या लांबीने घेतली. आपल्या गॅरेजमध्ये डबा आणि लाल हार्डनरची ट्यूब अशा जोडीने मिळणारी पुट्टी ती हीच. राळ, शंखजिऱ्याची पूड आणि स्टायरीन यांचे हे मिश्रण पत्र्यावर उत्तम बसते. तेच बंपरवर थापले की घोटाळा सुरू होतो.

प्लास्टिकची दोन मोठी कुळे आहेत. एक मेणासारखे असते. तापवले की मऊ होते, निवले की पुन्हा घट्ट होते. दुसरे भाकरीसारखे असते. एकदा भाजले की त्याचे पुन्हा पीठ होत नाही. फायबरग्लास हे या दुसऱ्या कुळातले. १९५३ साली अमेरिकेत आलेल्या कॉर्व्हेट मोटारीचा सांगाडा वगळता बाहेरचा देह फायबरग्लासचा होता. आपल्याकडे १९८२ मध्ये बंगलोरहून आलेली सिपानी कंपनीची डॉल्फिन ही छोटी गाडीही फायबरग्लासचीच. या पदार्थातली राळ बहुधा पॉलिएस्टरचीच असल्याने पॉलिएस्टरची लांबी त्याला सख्खी लागते. फुटलेल्या भागाला मागून काचेच्या धाग्यांचे कापड आणि राळ लावावी, वरून लांबी भरावी. इपॉक्सीही येथे चांगली धरते.

मेणाच्या कुळात मात्र स्वभाव नाना तऱ्हेचे. पुढची जाळी, आरशाचे कवच, आतल्या पट्ट्या पुष्कळदा एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या असतात. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळते. म्हणून त्याच प्लास्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये भिजवून केलेली खळ हा त्याचा गोंदही होतो आणि लांबीही. दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. मात्र द्रावक उडून गेल्यावर ही खळ आकसते. तेव्हा ती पातळ थरांनी भरावी आणि घासण्यापूर्वी निदान एक दिवस वाळू द्यावी. हीच युक्ती हेडलाइटच्या काचेवर करू नये. ती 'काच' पॉलिकार्बोनेटची असते आणि अशा द्रावकाने तिच्यात बारीक तडे जातात.

सर्वांत हट्टी ते पॉलिप्रोपिलीन. इटलीचे ज्युलिओ नात्ता यांनी ते १९५४ मध्ये स्फटिकरूपात तयार केले. १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना कार्ल त्सीग्लर यांच्याबरोबर मिळाले. आजच्या बहुतेक बंपरांत हेच प्लास्टिक असते, सोबत थोडे रबर आणि शंखजिरे. 'अळवावरचे पाणी' ही आपली म्हण येथे अक्षरशः आठवावी. द्रव पदार्थ पृष्ठभागावर पसरला तरच तो त्याला धरणार. पृष्ठभागाची ही ओढ मोजता येते. एबीएसची ती दर मीटरला सुमारे ४० मिलिन्यूटन भरते, तर पॉलिप्रोपिलीनची सुमारे ३०. त्यामुळे साधा गोंद त्यावर थेंबाथेंबाने गोळा होतो, वाळतो आणि नखाने सुटतो. ॲसिटोनही त्याला विरघळवू शकत नाही.

मग ओळखायचे कसे? भाग काढून आतली बाजू पाहावी. दोन बाणांच्या टोकांमध्ये अक्षरे उठवलेली असतात. 'एबीएस' असेल तर प्रश्न मिटला. 'पीपी+ईपीडीएम-टीडी२०' असेल तर पॉलिप्रोपिलीन, रबर आणि वजनाने २० टक्के शंखजिरे असे समजावे. या 'टी'चा आणि 'वीस'चा क्रिकेटशी संबंध नाही! खूण पुसली असेल तर आतल्या कोपऱ्यात पॉलिश पेपर फिरवावा. एबीएसची कोरडी भुकटी पडते. पॉलिप्रोपिलीन घर्षणाने मऊ होऊन त्याचे केसासारखे तंतू सुटतात. पाण्यात तरंगते का पाहण्याची जुनी कसोटी बंपरला लावू नये. शुद्ध पॉलिप्रोपिलीन तरंगते, पण शंखजिऱ्याने जड झालेले बुडू शकते.

पॉलिप्रोपिलीनला वश करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला वेल्डिंगचा. त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी घेऊन गरम हवेने कडा आणि कांडी एकत्र वितळवायची. दुसरा मध्यस्थाचा. क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनचा पातळ थर, ज्याला दुकानात ॲडहेजन प्रमोटर म्हणतात, तो आधी द्यायचा आणि डब्यावर सांगितलेल्या वेळात त्यावर दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद किंवा लवचीक लांबी लावायची. लवचीक हा शब्द येथे महत्त्वाचा. दीड मीटर लांबीच्या बंपरचे तापमान पहाटेपासून दुपारपर्यंत ४० अंशांनी वाढले तर तो ४ ते ५ मिलिमीटरने लांबतो. तेवढाच पोलादी पत्रा एक मिलिमीटरही लांबत नाही. शिवाय बंपर धक्क्याने वाकतो. वर बसलेली लांबी पत्र्यासाठी केलेली, ताठ असेल, तर ती तडकणारच. भरणाऱ्या पदार्थाने खालच्या पदार्थाबरोबर वाकले पाहिजे, हा नियम सगळीकडे लागू पडतो.

झटपट चिकटवणाऱ्या सायनोॲक्रिलेटविषयीही दोन शब्द. १९४२ साली अमेरिकेत बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हॅरी कूव्हर यांच्या हाती हा पदार्थ लागला. तो सगळ्यालाच चिकटतो म्हणून तेव्हा बाजूला टाकण्यात आला. बाजारात आला तो १९५८ मध्ये. हवेतल्या दमटपणाने तो घट्ट होतो, पण जोड ठिसूळ राहतो आणि फट भरत नाही. तुकडे जागेवर धरून ठेवायला तो चांगला. सगळा भार त्याच्यावर टाकू नये.

कृतीचा क्रमही निवडीइतकाच मोलाचा आहे. आधी साबणाच्या पाण्याने धुवावे, मगच घासावे. उलट केले तर तेल आणि मेण ओरखड्यांत जाऊन बसते. भेग असेल तर तिच्या टोकाला बारीक भोक पाडावे म्हणजे ती पुढे सरकत नाही. कडा उतरत्या कराव्यात, मागून जाळी बसवावी. लाल हार्डनर डब्यावर दिल्याइतकाच घ्यावा. जास्त घातल्याने लांबी मजबूत होत नाही, उलट ठिसूळ होते आणि रंगातून डाग वर येतो. शेवटी, नव्या जोडणीची चाचणी भागाच्या आतल्या बाजूला करावी. एक दिवस थांबून वाकवून पाहावे. एका दिवसाचा हा धीर पुष्कळ पैसे वाचवतो.

आता हौसेच्या मर्यादा. डॅशबोर्डमधील एअरबॅगचे झाकण ठरलेल्या रेषेवर क्षणार्धात फाटावे अशी त्याची रचना असते. त्यावर लांबी भरणे किंवा काही चिकटवणे म्हणजे जिवाशी खेळ. नव्या गाड्यांत बंपरमागे रडार असते. त्याच्यापुढे लांबीचा जाड थर दिला तर त्याची नजर अधू होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील फेरफारांवर बंधने घालते, तेव्हा मोठ्या बदलापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. आणि काम करणाऱ्या माणसाचा विचार करावा. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. स्टायरीनची वाफ आणि घासकामाची धूळही छातीला घातकच. नाकाला रुमाल बांधून ही वाफ थांबत नाही. योग्य मुखवटा, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. आपली गाडी देखणी करताना गॅरेजमधल्या एखाद्या पोराच्या फुफ्फुसांनी तिची किंमत मोजू नये.

गॅरेजमध्ये गेल्यावर आपण बहुधा 'किती होतील?' एवढेच विचारतो. यापुढे त्याच्या आधी आणखी दोन प्रश्न विचारावेत : 'हे प्लास्टिक कोणते?' आणि 'यावर तुम्ही काय लावणार?' जाणता कारागीर या प्रश्नांनी रागावणार नाही. तो भाग उलटा करील आणि आतली अक्षरे आपल्याला दाखवील.