रबी : शेतातली आणि दफ्तरातली

दिवाळीच्या सुमारास पौडच्या रस्त्याने मुळशीकडे निघालात, तर दोन्ही अंगांना भाताची कापणी दिसते. इंद्रायणीचे, आंबेमोहोराचे भारे खळ्यावर येत असतात आणि रिकाम्या झालेल्या खाचरात, ओल आहे तोवर, हरभरा, मसूर, वाल टाकायची घाई असते. या पेऱ्याला आपण 'रबी' म्हणतो. शब्द अरबी आहे आणि त्याचा अर्थ वसंत. पेरणी थंडीत होते, पण पीक वसंताच्या तोंडावर हाती येते, म्हणून हंगामाला काढणीचे नाव मिळाले. 'खरीप' म्हणजे शरद, तेही असेच काढणीवरून.

हाच शब्द मावळातल्या जुन्या मोडी कागदांतही आहे. तिथे तो 'रबिलावल' या रूपात येतो. रबी-उल-अव्वल म्हणजे पहिला वसंत, हिजरी वर्षाचा तिसरा महिना. त्याच्या मागोमाग येतो 'रबिलाखर', म्हणजे दुसरा वसंत. कागदावर आधी 'छ', मग आकडा, मग महिना. 'छ' म्हणजे चंद्र, त्या महिन्याची तारीख. पौड खोरे, मुठे खोरे, कोरबारसे या मावळांचा कारभार ज्या दफ्तरी मराठीत चाले, तिच्यात ही रीत पक्की रुजलेली होती. १६७४ साली राज्याभिषेक शक सुरू झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला, तरी ती मोडली नाही. पेशवाई अखेरपर्यंत कारकुनांची लेखणी 'छ' लिहीतच राहिली.

शेतातली रबी मात्र आपल्या ऋतूला धरून राहिली आणि दफ्तरातली फिरत राहिली. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे, कधी ३५५. आपण अधिक मास घालून चंद्राला ऋतूंशी बांधून ठेवतो. अरबस्तानातही जादा महिना घालण्याची चाल होती, ती इस्लामने बंद केली. तेव्हापासून महिने दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतात आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू हिंडून येतात. १६४६ साली रबिलावल एप्रिलात लागला, मुळशीत राब भाजायचे दिवस. १६६२ साली तोच महिना ऑक्टोबरात लागला, भात लोंबीवर आलेले असताना. नाव वसंताचे, बाहेर सुगीची चाहूल.

असल्या पंचांगावर सारा कसा वसूल करायचा? पीक सूर्याच्या हिशेबाने येते, कुळाजवळ दाणा असेल तेव्हाच सरकारला मिळणार. दख्खनने यावर काढलेली तोड म्हणजे सुहूर सन. 'सुहूर' हाही अरबीच शब्द, अर्थ महिने. पण हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलते, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. हिजरी सनाशी त्याचा आकडा जुळतो तो १३४४ च्या सुमारास, आणि त्याचा आरंभ तिथेच धरतात. रांझ्याच्या पाटलाविषयीचे शिवाजी महाराजांचे प्रसिद्ध पत्र २८ जानेवारी १६४६ चे. त्यावरचे साल 'सित अर्बैन अलफ' आहे. सित सहा, अर्बैन चाळीस, अलफ हजार : १०४६. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. दिवस चंद्राचा, वर्ष पावसाचे, आणि दोन्ही एकाच ओळीत.

याच जोडणीत संशोधकाची कसोटी लागते. सुहूर वर्ष चांद्र वर्षापेक्षा ११ दिवसांनी मोठे, म्हणून काही तारखा एकाच सालात दोनदा येतात. याच सित अर्बैन सालात 'छ १२ रबिलाखर' दोनदा पडतो : एकदा मृग लागल्यावर लगेच आणि एकदा पुढच्या मृगाच्या तोंडावर. कागद नुसता तेवढीच तारीख सांगत असेल, तर वाचणारा एका वर्षाने चुकू शकतो. म्हणून वार पाहायचा, मजकुरातले संदर्भ पाहायचे, जंत्री उघडायची. बाळाजी प्रभाकर मोडकांसारख्यांनी जंत्र्यांसाठी उपसलेल्या कष्टांचे मोल अशा वेळी कळते.

चंद्रकोर बहुधा शुद्ध द्वितीयेच्या सुमारास दिसते, म्हणून 'छ'चा आकडा तिथीच्या एक-दोन घरे मागे असतो. हे गणित आजही आपल्या अंगणात घडते. रबिलावलची बारावी म्हणजे ईद-ए-मिलाद, जिला गावोगाव बारावफातही म्हणतात. २०२३ साली ती २८ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्याच दिवशी आली. भाद्रपद आणि रबिलावल त्या वर्षी एकाच चंद्राचे होते. मुंबईत ईदचा जुलूस विसर्जनाला वाट देऊन दुसऱ्या दिवशी निघाला.

मला तारखेच्या या जुन्या ओळीचे मोल वाटते ते यासाठी. दूरच्या वाळवंटातला शब्द मावळात आला. कारकुनाने तो चंद्राला बांधला, शेतकऱ्याने मातीला. कारकुनाचा 'छ' आता दप्तरांच्या रुमालात आहे. कुणब्याची रबी यंदाही भाताच्या ओलीवर उगवेल आणि, नावाला जागून, वसंतात घरी येईल.