मूळ चित्रपटाची जपणूक : नांदेड-लातूरच्या रसिकांसाठी काही माहिती

चित्रपट ही लोकांच्या स्मृतीत घर करून राहणारी कला आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील जुन्या पिढीने शहरातील चित्रपटगृहांत, आठवडी बाजाराच्या गावी आणि यात्रेतील तंबूत अनेक चित्रपट पाहिले. ते चित्रपट आज दूरचित्रवाणीवर किंवा भ्रमणध्वनीवर पुन्हा पाहता येतात. परंतु त्या वेळी पडद्यावर जे दिसले, तेच आज दिसते का, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा नकारार्थी येते. प्रसंग गळलेले असतात, गाणी आखूड झालेली असतात, रंग बदललेले असतात. म्हणूनच चित्रपट प्रथम प्रदर्शित झाला त्या मूळ रूपात जतन करण्याच्या कार्याला जगभर महत्त्व आले असून, त्यात शासकीय संस्थांबरोबर सामान्य रसिकांचाही वाटा आहे.

मूळ रूप का बदलते?

चित्रपटाच्या प्रती गावोगाव फिरत. यंत्रात फीत तुटली की तुटलेला भाग कापून दोन्ही टोके चिकटवली जात, आणि प्रत्येक जोडाबरोबर काही चित्रे कायमची नाहीशी होत. खेळांच्या वेळा जुळविण्यासाठी काही वेळा गाणे किंवा विनोदी प्रसंग वगळला जाई. निर्मातेही प्रदर्शनानंतर लांबी कमी करीत. १९७० चा ‘मेरा नाम जोकर’ हा चार तासांहून अधिक लांबीचा आणि दोन मध्यंतरांचा होता; पुढे तो बराच कमी करून दाखविण्यात आला.

‘शोले’चे उदाहरण याहून बोलके आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचा शेवट सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावा लागला होता. ठाकूरच्या हातून गब्बरसिंगचा अंत होतो हा मूळ शेवट बाजूला ठेवून, पोलीस येऊन त्याला ताब्यात घेतात असा शेवट दाखविण्यात आला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने निर्मात्यांच्या सहकार्याने या चित्रपटाचा जीर्णोद्धार केला, तेव्हा मूळ निगेटिव्ह अतिशय खराब झालेली आढळली. लंडन व मुंबई येथे सापडलेल्या अन्य फितींच्या आधारे काम पुरे करण्यात आले आणि मूळ शेवटासह हा चित्रपट जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे दाखविण्यात आला.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘मूळ’ या शब्दाचे दोन अर्थ संभवतात : दिग्दर्शकाने केलेला चित्रपट आणि प्रेक्षकांनी प्रथम पाहिलेला चित्रपट. इतिहासाच्या दृष्टीने दोन्ही रूपे जपणे आवश्यक असते. एकाने दुसऱ्याची जागा घेतली, तर त्या काळाचा एक पुरावाच नष्ट होतो.

रसिकांचा पुढाकार

अमेरिकेतील ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. १९९७ मध्ये दिग्दर्शक जॉर्ज ल्युकास यांनी त्यात नवी दृश्ये आणि संगणकीय बदल केले, व पुढे बदललेले रूपच बाजारात मिळू लागले. तेव्हा काही रसिकांनी १९७७ च्या जुन्या पस्तीस मिलिमीटर प्रती मिळवून, त्यांतील प्रत्येक चित्र संगणकावर उतरवून, मूळ रूप पुन्हा उभे केले. हक्कांचा प्रश्न त्यातही होता. तथापि चित्रपटगृहातील एखादी झिजलेली प्रतही इतिहासाचे मोठे साधन ठरू शकते, हे या उद्योगाने दाखवून दिले.

महाराष्ट्रात अशा जपणुकीचा पाया पुण्यात घातला गेला. फेब्रुवारी १९६४ मध्ये तेथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्याचे शिल्पकार पी. के. नायर यांनी देशभर हिंडून रिळे गोळा केली. दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष नाशिकहून संग्रहालयात आणले. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. त्यातील पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे आज उपलब्ध आहेत, आणि तीही फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. भारतीय चित्रपटाच्या आरंभबिंदूपाशीच मूळ कोणते हा प्रश्न असा उभा आहे.

भारतात सुमारे १,३०० मूकपट निर्माण झाले. त्यांपैकी पूर्ण वा अंशतः शिल्लक राहिलेल्यांची संख्या तीसच्या आत आहे. १९३१ चा पहिला बोलपट ‘आलम आरा’ तर पूर्णपणे हरपला आहे. जुन्या फितींतील चांदी काढून घेण्यासाठी असंख्य प्रती नष्ट करण्यात आल्या, हे या हानीचे एक प्रमुख कारण होय.

फितीचे शत्रू : आग, उष्मा आणि आर्द्रता

साधारणपणे १९५० पर्यंतच्या पस्तीस मिलिमीटर फिती नायट्रेटच्या असत. नायट्रेट अत्यंत ज्वालाग्राही असून एकदा पेटल्यावर पाण्यानेही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत संग्रहालयाच्या नायट्रेट फिती जळाल्या. त्यांत प्रभात चित्रसंस्थेच्या मौल्यवान फितीही होत्या. ज्यांच्या सुरक्षित फितीवरील प्रती आधी काढलेल्या होत्या, तेवढेच चित्रपट अशा संकटातून वाचतात.

नंतरच्या अॅसिटेट फिती भडकत नाहीत, परंतु त्या आतून कुजतात. उष्ण व दमट जागेत त्यांतून अॅसेटिक आम्ल सुटते, डब्याला शिरक्यासारखा वास येतो, फीत आकसते, वळते आणि ठिसूळ होते. सुटलेले आम्ल कुजण्याची क्रिया आणखी वेगाने वाढविते आणि शेजारच्या डब्यांनाही बाधा पोहोचविते. रंगीत फितीतील निळसर रंगद्रव्य लवकर फिके पडते. म्हणून जुनी प्रत लालसर दिसते. उन्हाळ्यात ज्या भागात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, त्या मराठवाड्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या रिळांची स्थिती काय होत असेल, याची कल्पना यावरून येईल.

अंकीय रूपांतर कसे होते?

पस्तीस मिलिमीटर फीत यंत्रातून सेकंदाला २४ चित्रे या गतीने धावते. अडीच तासांच्या चित्रपटात अशी २,१६,००० चित्रे असतात. रूपांतरापूर्वी फीत हाताने तपासतात, फाटलेली भोके व जुने जोड दुरुस्त करतात आणि धूळ-तेल काढून टाकतात. त्यानंतर स्कॅनर प्रत्येक चित्राची स्वतंत्र प्रतिमा घेतो. आकसलेली फीत दातेरी चाकांवर तुटू शकते. यासाठी दाते नसलेले स्कॅनर वापरले जातात. फितीच्या कडेला असलेली ध्वनिरेषा वेगळी वाचून तिचे ध्वनीत रूपांतर करतात.

‘चार के’ दर्जाच्या एका प्रतिमेस सुमारे ५० मेगाबाइट जागा लागते. म्हणजे वरील चित्रपटास सुमारे १० टेराबाइट जागा हवी. एवढी माहिती एकाच ठिकाणी ठेवणे धोक्याचे असल्याने तिच्या किमान तीन प्रती, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, असा दंडक पाळला जातो. रूपांतर झाले म्हणून मूळ फीत टाकून देणे मात्र मोठी चूक ठरेल. यंत्रे सुधारत जातात. उद्याचा स्कॅनर त्याच फितीतून आजच्यापेक्षा अधिक तपशील काढू शकेल.

जीर्णोद्धार करताना संयमही आवश्यक असतो. ओरखडे व डाग पुसावेत, परंतु फितीचे नैसर्गिक कण पुसून चेहरे गुळगुळीत करू नयेत, आणि मूळ चित्रपटात नसलेले रंग भरू नयेत, असा या क्षेत्रातील संकेत आहे.

मराठवाड्याचा संबंध

हिंदी चित्रपटांच्या वितरणव्यवस्थेत मराठवाडा ‘निझाम’ या क्षेत्रात मोडतो. संस्थानी काळातील ही विभागणी १९४८ च्या मुक्तीनंतरही व्यवसायात टिकून राहिली. त्यामुळे नांदेड-लातूरकडे आलेल्या हिंदी चित्रपटांच्या प्रतींचा माग घ्यायचा तर मुंबईइतकेच हैदराबाद-सिकंदराबादकडेही पाहावे लागेल. फिरत्या चित्रपटगृहांची कथाही अशीच आहे. यात्रांमधून तंबू लावणाऱ्या महाराष्ट्रातील व्यावसायिकांवरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाचा २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरव झाला. अंकीय प्रक्षेपण आल्यावर जुनी यंत्रे थांबली आणि रिळे निरुपयोगी ठरली. त्यांतील काही डबे बंद चित्रपटगृहाच्या माळ्यावर, एखाद्या जुन्या यंत्रचालकाच्या घरी किंवा शाळेच्या अडगळीत असू शकतात. ते भंगारात गेले, तर कदाचित एखाद्या चित्रपटाची अखेरची पूर्ण प्रतच गेली, असे होईल.

रीळ सापडल्यास काय करावे?

प्रथम, ते प्रक्षेपक यंत्रावर चढवू नये. ठिसूळ फीत क्षणात तुटते. डब्यावरील चिठ्ठ्या, तारखा व खुणा काढू नयेत, कारण प्रतीचा प्रवास त्यांवरूनच कळतो. शिरक्यासारखा वास येणारे डबे इतरांपासून वेगळे ठेवावेत. सर्व डबे थंड, कोरड्या व हवेशीर खोलीत आडवे ठेवावेत. फीत फार जुनी, चिकट किंवा भुकटी झालेली असेल तर ती नायट्रेटची असण्याचा संभव लक्षात घेऊन ज्योत दूर ठेवावी आणि जाणकारांना बोलवावे.

प्रत पूर्ण आहे की नाही, हे ओळखण्याचे एक सोपे साधन फितीच्या आरंभीच सापडते. ते म्हणजे सेन्सॉरचे प्रमाणपत्र. त्यावर रिळांची संख्या व लांबी नोंदलेली असते. काटछाट सुचविलेली असल्यास त्रिकोणाची खूण असते. पस्तीस मिलिमीटर फीत मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते. म्हणजे ४,००० मीटरचा चित्रपट सुमारे दोन तास सव्वीस मिनिटे चालावा. हातातील प्रत त्याहून बरीच आखूड भरली, तर काही भाग गळाला आहे हे उघड होते.

हक्कांचेही भान ठेवले पाहिजे. १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. व्हेनिस महोत्सवात गौरविलेल्या, १९३६ च्या ‘संत तुकाराम’वरील हक्काची मुदत संपलेली आहे. मुदत न संपलेल्या चित्रपटाचे रूपांतर व प्रदर्शन हक्कदाराच्या परवानगीनेच करावे. ज्या ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ प्रत आधीच आहे, त्याला जतनासाठी तिची अंकीय नोंद ठेवण्याची मुभा मात्र कायद्याने दिली आहे.

राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली २,२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धाराचा संकल्प २०२२ मध्ये जाहीर करण्यात आला. परंतु संग्रहालयाला जे मिळेल, तेच त्याला जपता येईल. रीळ प्रथम ज्याच्या हाती लागते, तो गावातील सामान्य माणूसच असतो. त्याने डबा भंगारवाल्याकडे न देता पुण्याच्या संग्रहालयाला कळविले, तर आपल्या वडिलांनी यात्रेच्या तंबूत जे पाहिले, ते नातवंडांनाही जसेच्या तसे पाहावयास मिळू शकेल.